भिकाजी ड्रायवरांनी नाकारलेलं इंजिन

परवा जव्हारच्या बाजारात कोळशाच्या ठेकेदाराचा मुनीम दोन गाडीवानांना हसवत होता. "भिकाजी ड्रायवर म्हणे इंजिनातला जाणकार. चांगलं इंजिन समोर ठेवलं, तर त्याला म्हणे ते खराब दिसलं." गाडीवान हसले. मी चार हातांवर उभा होतो आणि तोंड उघडू शकत नव्हतो, कारण भिकाजीमामांना मी शब्द दिला होता. त्याच आठवड्यात वांगणीचा सोन्या माझ्या दारात येऊन बसला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "तू लिही आता. काय व्हायचं ते होऊ दे. आमीच सांगतो तुला लिही." ज्याच्यासाठी शब्द दिला होता त्यानंच मला सोडवलं. म्हणून हे लिहितो आहे.

मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात एक दुष्ट लागतो आणि तो पहिल्या ओळीत लागतो. इथं दुष्ट आहेच, आमचा ठेकेदार. पण त्याला शिव्या द्यायला बसलो तर मामांना जागा उरणार नाही. त्या शिव्या इतरत्र छापून झाल्या आहेत, पुढंही छापीन.

भिकाजीमामा समुद्राकाठचे. तरुणपणी प्रवासी लाँचवर ड्रायवर होते. लाँचवर सुकाणू तांडेलाच्या हातात असतं आणि खाली तेलाच्या वासात बसून इंजिन सांभाळतो तो ड्रायवर. तांडेलाला वारा मिळतो, किनारा दिसतो, लोकांचे रामराम मिळतात. ड्रायवरला काही दिसत नाही. मामा जव्हारला भातगिरणीचं इंजिन चालवायला आले आणि राहिले. समुद्राचा माणूस डोंगरात कशाला आला, असं कोणी विचारलं की म्हणत, "इथं भरती येत नाही." ऐकणारा हसे. मामा हसत नसत.

गिरणीच्या मागं एक खोली होती. एक थाळी, एक तांब्या, भिंतीला खुंटी, खुंटीला सदरा. दुसरी थाळी नव्हती, त्यामुळं त्यांच्याकडे जेवायला कोणी थांबत नसे, आणि कोणी थांबत नसे म्हणून त्यांनी दुसरी घेतली नाही. पावसाळ्यात भरडायला भात नसे, गिरणी बंद असे. तरी रोज सकाळी मामा आत जाऊन इंजिनाचं चाक हातानं थोडं फिरवून ठेवत. मालक म्हणायचा, "भिकाजी, पगार नाही हं या महिन्यांचा." मामा म्हणायचे, "मी कुठं मागितला?" आणि चाक फिरवायचे.

बोलणं कमी. त्यातही कारण सांगायची त्यांना मुळीच सवय नव्हती. हे कर, ते करू नको, एवढंच. का, असं विचारलं तर समोरच्याकडे असे बघत, जणू तो ऐकू येत नाही असं म्हणाला आहे. हा स्वभाव पुढं किती महाग पडला ते येईलच.

मात्र जुनं इंजिन विकत घ्यायचं असलं की लोक त्यांच्याकडेच येत. मोखाड्यापासून मनोरपर्यंत कोणाला पंप घ्यायचा असो की गिरणी, आधी भिकाजी ड्रायवरला नेऊन दाखवा. त्यांची पद्धत ठरलेली. इंजिनापाशी गेले की आधी काही विचारायचं नाही. तळहात लोखंडावर ठेवायचा. लोखंड थंडगार असेल तरच पुढची तपासणी. कोमट लागलं तर हात पुसायचा आणि परत फिरायचं. विकणारा मागून कितीही ओरडला तरी थांबायचं नाही.

एकदा मला म्हणाले, तेही मी फार मागं लागलो म्हणून, "गरम इंजिन सगळ्यांशी गोड बोलतं. विकणारा पहाटे उठून तासभर चालवून ठेवतो. मग आपण गेलो की हँडल मारताच सुरू. डिझेलचं खरं रूप गारठ्यात दिसतं. आत झीज झालेली असेल तर थंडीत ते रडतं, पांढरा धूर ओकत राहतं."

"मग थंड होईपर्यंत बसून का राहत नाही?"

"ज्यानं एकदा फसवायचं ठरवलं त्याच्याकडे किती वेळ बसायचं?"

आणि मग बऱ्याच वेळानं, चाकाला तेल देता देता, "एकदा गरम इंजिन पाहून मी हो म्हटलं होतं." त्यापुढं ते बोलले नाहीत. किनाऱ्याकडचे लोक त्याबद्दल काहीबाही सांगतात, खाडीच्या तोंडाशी बंद पडलेल्या लाँचबद्दल. मी ते इथं लिहीत नाही. त्यांनी मला सांगितलेलं तेवढंच.

थंड इंजिन मिळालं की मग हा माणूस खुले. नळीत बोट घालून आतलं तेल काढायचे, दोन बोटांत चोळायचे. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरतंय. चाक धरून हलवायचे, लोखंडाचा लोखंडाला टक्क आवाज आला तर मान हलवायची. पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून बसायचे. बघणाऱ्याला वाटावं ध्यान लावलंय.

मोखाड्याच्या एका सावकाराला पंप घ्यायचा होता. विकणाऱ्यानं इंजिनाला हिरवा चकचकीत रंग दिलेला. सावकार खूश. मामांनी इंजिनाकडे न बघता शेजारच्या विहिरीकडे बघितलं. तिथं मोटेचा दोर होता, नवा, ओला.

"पंप आहे तर मोट कोण चालवतंय?" मामांनी विचारलं.

"ती आपली अशीच, सवय म्हणून."

"बैलांना सवय आहे का तुम्हाला?" एवढं बोलून मामा निघाले. सावकारानं वाटेत विचारलं, अहो इंजिनाला हात तरी लावायचा. मामा म्हणाले, "रंग ओला होता."

एका वर्षी मी त्यांना मोखाड्याला बोहाड्याच्या जत्रेला घेऊन गेलो. सोंगं नाचत होती, संबळ तापला होता, माणसं माणसांना ओढून आपल्या घरच्या गर्दीत उभी करत होती. मामांना कोणी ओढलं नाही. ते देवळाच्या मागच्या अंगाला एकटे उभे होते, हात मागं बांधून, पाहुण्यासारखे. मी म्हटलं, पुढं या, दिसत नाही इथून. म्हणाले, "ऐकू येतंय." आणि मोठं सोंग यायच्या आधीच गिरणी उघडायची आहे म्हणून चालू पडले. दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. मला ते नंतर आठवलं.

आता होडीचं.

जामसर, वांगणी आणि आसपासच्या पाड्यांवरचे लोक कोळसा पाडतात. जंगलात भट्टी लावायची, माती थापायची, राखायची, फोडायची, पोती भरायची, गाडीनं मनोरच्या बंदरावर न्यायची. इथवर सगळं यांचं. बंदरापासून मुंबईपर्यंत नेणारी गलबतं ठेकेदाराची. त्यामुळं भाव तो सांगेल तो. नको तर पोती घेऊन परत चढा घाट. आम्ही गावोगावची मंडळी एकत्र केली आणि ठरवलं की आपली स्वतःची होडी घ्यायची, इंजिनाची, वाऱ्याची वाट न बघणारी. मंडळीत पहिल्यापासून एक दुखणं होतं. जामसरवाल्यांना वांगणीवाले नको होते. आडबाजूचे लोक, यांचा भरवसा नाही, असं जामसरचा धर्मा कारभारी उघड म्हणायचा. मी भांडून वांगणीला आत ठेवलं होतं.

मनोरला हरी तांडेलांची डिझेलची होडी विकायची होती. मुलं मुंबईला गिरण्यांत गेली, म्हाताऱ्याला एकट्याला आता झेपेना. मंडळीनं ठरवलं, भिकाजी ड्रायवर हो म्हणाले तर घ्यायची. तांडेलांनी सांगितलं, तुम्हाला पहिला हक्क, पण ठेकेदाराचा माणूसही येऊन गेलाय, फार दिवस थांबणार नाही.

पौषातले दिवस होते. मामांनी सांगितलं, "आदल्या रात्री होडीवर राखणीला दोन माणसं बसवा. सकाळी मी येईपर्यंत इंजिनाला कोणी हात लावायचा नाही." धर्मा म्हणाला, वांगणीवाले बसू देत, बघू तरी काय कामाचे आहेत. सोन्या आणि त्याचा मेहुणा लहानू बसले.

सकाळी खाडीवर धुकं होतं. सोन्या आणि लहानू आम्हाला बघून होडीतून उतरले, ताठ मानेनं. मामांनी विचारलं, "रात्री कोणी आलं?"

"कोणी नाय. तांडेल पन आला नाय. आमी डोळ्याला डोळा नाय लावला आळीपाळीनं."

ते दोघं बैलांना पाणी दाखवायला गेले. मामा होडीत उतरले, तांडेलांनी इंजिनावरची फळी काढली. मामांनी तळहात ठेवला. उचलला. दुसऱ्या बाजूनं ठेवला. मग खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसला आणि बाहेर आले.

"काय झालं?" तांडेल म्हणाले.

"काही नाही."

तांडेलांनी स्वतः वाकून हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ड्रायवर, मी नाही चालवलं. कालपासून नाही. माझ्या होडीची शपथ घेतो."

मामा धक्क्यावर चढले होते. माणसं जमली होती, ठेकेदाराचा मुनीमही होता. तांडेल खालून म्हणाले, "चार लोकांत मला खोटं ठरवून चाललात." मामांनी वळून बघितलं नाही. मला एवढंच म्हणाले, "गाड्या जुंप."

गाड्या परत घाटाला लागल्या. माझ्या डोक्यात पत्रक तयार होत होतं, तांडेलावर, ठेकेदारावर, दोघांच्या संगनमतावर. दुपारी सावलीला गाड्या सोडल्या. सोन्यानं तंबाखू मळली आणि मामांपुढं धरली. गंमत म्हणून सांगायला लागला.

"डरायवर, तुझ्या इंजिनानं आमाला तारलं. काय थंडी, पाण्याची थंडी ती, डोंगरासारखी नाय. मग आमी खापरात निखारे घेतले, आपलाच कोळसा, धूर नाय काय नाय. खापर ठेवलं इंजिनाच्या बुडाशी. आन दोघं दोन बाजूंनी लोखंडाला पाठ लावून बसलो. आगटीसारखी ऊब. लोखंड धरून ठेवतं."

"निखारे कुठं आहेत?" मामांनी विचारलं.

"खाडीत टाकले पहाटे. तुझ्या होडीत घान कशाला."

मामांनी तंबाखू घेतली. तोंडात टाकली. मग उठले. "माझा पाना राहिला बंदरावर. तुम्ही गाड्या घेऊन व्हा पुढं." पाना त्यांच्या पिशवीत होता, मला दिसत होता. मी त्यांच्याबरोबर निघालो.

उतार भरभर उतरले. वाटेत एकदाच बोलले. "इंजिन थंड हवंय, हे मी त्यांना सांगितलं असतं तर."

मनोरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं आणि बंदरावर सकाळइतकीच माणसं होती. मामा त्याच धक्क्यावर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तांडेल, तुम्ही खरं बोललात. चूक माझी. मला माफ करा." का चूक, कशी चूक, ते सांगितलं नाही. तांडेलांनी इंजिनावरची फळी पुन्हा काढली. मग म्हणाले, "या. बघून घ्या."

लोखंड आता थंड होतं. मामांनी हँडल मारलं. पहिल्या झटक्याला इंजिन उठलं, एक पांढरा झोत टाकला आणि धूर दिसेनासा झाला. तेल बोटांत चोळलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला. पाना कानामागं लावून डोळे मिटून बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस लाँचवर तरुण होता.

"कसं आहे?" तांडेल म्हणाले.

"चांगलं आहे. फार चांगलं ठेवलंय तुम्ही."

"सकाळी बोलला असतात तर तुमचं होतं. दुपारी त्या मुनिमाला शब्द दिला. तुम्ही गेलात, मला राग आला, दिला." म्हातारा खाली बघत होता. "आता फिरवता येणार नाही, ड्रायवर."

"फिरवू नका," मामा म्हणाले.

घाट चढताना मी बडबडत होतो. मंडळीला सगळं सांगू, चूक झाली, माणसं आहेत, समजून घेतील. मामा थांबले.

"जामसरवाले समजून घेतील?"

मला धर्मा आठवला.

"वांगणी बाहेर जाईल. पाड्यावर हे दोघं म्हातारे होईपर्यंत लोक म्हणतील, यांनी शेकत बसून होडी घालवली. त्यांना तिथं राहायचंय. पोरांची लग्नं करायचीत."

"मग काय सांगणार तुम्ही?"

"बघतो. तू कुठं छापायचं नाहीस. शब्द दे."

"आणि तुमचं नाव?"

"मला कुठलं गाव आहे?" ते म्हणाले आणि चालायला लागले.

जामसरला आंब्याखाली मंडळी बसली. धर्मानं विचारलं, "डरायवर, काय झालं? बंदरावरून येनारे काहीबाही सांगतात. राखनदारांनी घोटाळा केला काय?" सोन्या आणि लहानू मागं बसले होते. वांगणीची सगळी माणसं मागंच बसली होती.

मामा उभे राहिले. "राखण चोख झाली. इंजिन खराब होतं. आतून गेलेलं. मी घेऊ दिलं नाही."

"मग तू परत का गेलास, माफी का मागितलीस?" कोणीतरी विचारलं.

"भांडून आलो होतो. म्हाताऱ्या माणसाशी भांडू नये."

सोन्याला काय कळलं होतं कोण जाणे, तो अर्धवट उठला. "डरायवर, इंजिन तर..."

"तू बस," मामा म्हणाले. "तुला इंजिनातलं काय कळतं?"

लोक हसले. सोन्याही हसला आणि बसला. धर्मा म्हणाला, "वांगणीवाल्यांनी काम केलं बा, मानलं." त्या माणसाच्या तोंडून वांगणीबद्दल हे पहिलं बरं वाक्य. मामा सगळ्यात आधी उठून गेले. इंजिनाबद्दल त्यांना खोटं बोलताना मी तेव्हा पाहिलं. त्याआधी कधी नाही.

होडी ठेकेदाराकडे गेली आणि चालायला लागली. कशी चालायची. भरती असो, ओहोटी असो, एक दिवस खाडा नाही. तांडेलांनाच ठेकेदारानं पगारावर ठेवलं होतं. आमचा कोळसा त्याच होडीतून त्याच्याच भावानं जायला लागला, आणि पोती चढवणाऱ्या प्रत्येकाला इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. गाडीवान गिरणीवरून जाताना हाक मारायचे, "ओ ड्रायवर, तुमचं खराब इंजिन काल मुंबईला जाऊन आलं हं." मामा आतून म्हणायचे, "येऊ दे."

मग त्यांना कोणी इंजिन दाखवायला नेईना. मोखाड्याच्या सावकारानं दुसरा पंप घेतला, यांना विचारलं नाही. मंडळीतले लोक तोंडावर काही बोलत नसत, पण आपला कोळसा ठेकेदाराच्या भावानं जातो तो या म्हाताऱ्याच्या आडमुठेपणापायी, हे सगळ्यांच्या डोळ्यांत असायचं. ज्यांनी कधी हँडलला हात लावला नाही ते चावडीवर बसून त्यांच्या चुका काढत. मला राग येई. अजून येतो. शब्द दिलेल्या माणसाचा राग फार हलक्या जागी जाऊन बसतो, घरच्यांवर निघतो.

सोन्याला सगळं कळलं ते तांडेलांकडून. एका खेपेला पोती चढवताना तांडेल म्हणाले, तुमचा ड्रायवर त्या दिवशी इंजिन उत्तम आहे म्हणाला होता, मग गावात असं का सांगतो? सोन्यानं आठवून आठवून जुळवलं. तो नाचणीचं पीठ आणि कंद बांधून गिरणीमागच्या खोलीवर गेला. मी तिथंच होतो.

"डरायवर, आमी काय केलं रं?"

"राखण केलीत."

"मी सांगतो सगळ्यांना."

"सांगितलंस तर मी खोटा ठरेन," मामा म्हणाले. "ते तरी करू नकोस."

सोन्या पीठ ठेवून गेला. त्यानंतर दर महिन्याला काहीतरी ठेवून जायचा. खोलीत यायचा नाही. उंबऱ्यावर ठेवायचा, हाक न मारता. मामांनाही आत ये म्हणता येत नसावं.

शेवटी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. गिरणीचं हँडल मारवेना. मालकानं दुसरा माणूस बघितला. किनाऱ्याला एक बहीण होती, तिनं बोलावलं. निघाले तेव्हा मी मनोरपर्यंत कोळशाच्या गाडीबरोबर गेलो. बंदरावर होडी लागलेली, सुटायच्या बेतात. पाण्यातून गेलं तर बसल्या जागी दुसऱ्या दिवशी किनारा. रस्त्यानं पालघर स्टेशनापर्यंत चाल, तीही त्या छातीनं.

तांडेल वरून म्हणाले, "ड्रायवर, चला. इंजिनापाशी बसा. आता तुम्हीच बसा."

धक्क्यावर जामसरचे हमाल होते, मुनीम होता, वांगणीचेही दोघेतिघे होते. सगळे बघत होते. मुनीम म्हणाला, "नको रे, खराब इंजिन आहे, बुडतील ते." हशा झाला.

मामा तांडेलांना म्हणाले, "खरं आहे. मी नाही बसत त्यात."

गाठोडं काखेत मारलं. मला म्हणाले, "तू जा परत, बैल उभे आहेत." मी थोडा मागं मागं गेलो, त्यांनी वळून बघितलं तसा थांबलो.

सुरुवातीला रस्ता खाडीच्या कडेनं जातो. होडी सुटली. मामा सावकाश चालत होते, मध्ये थांबत होते. होडीनं त्यांना गाठलं, आणि मग इंजिनाचा आवाज हळू झाला. तांडेलांनी वेग उतरवला होता. इतका, की भरलेली होडी आणि छाती धरून चालणारा तो माणूस काठाकाठानं बरोबरीनं जायला लागले. मामा थांबले की होडी जवळजवळ थांबायची. चालले की चालायची. त्यांनी पाण्याकडे बघितलं नाही. वळणापर्यंत दोघं तसेच गेले. मग खाडी एकीकडे वळली आणि रस्ता दुसरीकडे.